जहाजातली खोली

आमच्या कॉलनीच्या मागं अजून दोन-तीन उसाची शेतं शिल्लक आहेत आणि त्यांच्या पलीकडं एक गुऱ्हाळ. दिवाळी सरली की ते सुरू होतं. सकाळी दहाच्या सुमाराला वारा फिरतो आणि काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास गॅलरीतून सरळ आत येतो. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मुलगी परवा दारात उभी राहून म्हणाली, "काकू, किती छान वास येतो तुमच्याकडं." मी हो म्हटलं. ती गेल्यावर गॅलरीचं दार लावून घेतलं.

सगळा जन्म कोल्हापुरात काढलेल्या बाईला गुळाचा वास सोसत नाही, हे कुणाला सांगून पटायचं नाही. लहानपणी मलाही तो आवडायचाच. मी आणि माझा धाकटा भाऊ दिनू, आम्ही दोघं नदीकडच्या गुऱ्हाळावर जायचो. उसाचं कांडं काहिलीत बुडवून त्याच्याभोवती गरम चिक्की गुंडाळून घ्यायचो आणि तोंड भाजलं तरी सोडायचो नाही. घरी येईपर्यंत हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली असायची. पण सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एक साल असं आलं, की दिवाळीपासून होळीपर्यंत हा वास आमच्या घरात होता आणि त्याच्यात सरसाचा, सागवानाच्या भुशाचा आणि चपड्याच्या पॉलिशचा वास मिसळलेला होता. तेव्हापासून ते चारही वास माझ्यासाठी एकच झाले आहेत. एक आला की बाकीचे त्याच्यामागून येतात.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी हव्या त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्यात लोखंडाचा तापलेला रस ओततात. ती लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. आबांच्या पॅटर्नवरून ऑइल इंजिनांची चाकं, झाकणं, पंपांची पोटं ओतली जायची आणि कुठल्या कुठल्या गावच्या विहिरींवर जाऊन बसायची. पॅटर्न सुताभर चुकला तर त्याच्यावरून ओतलेला प्रत्येक नग चुकतो, असं ते म्हणायचे. चुकलेला पॅटर्न ते दुरुस्त करत नसत. फोडून बंबात घालत.

आणि सोमवारच्या सुट्टीला हेच आबा जहाजं करायचे.

लग्नाच्या आधी कधीतरी हत्यारं आणायला ते मुंबईला गेले होते. गोदीच्या भिंतीवरून डोकं वर काढलेलं एक जहाज त्यांनी रस्त्यावरून पाहिलं. घराएवढं नव्हे, गल्लीएवढं होतं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. समुद्र मात्र बघायचा राहिला, कारण मध्ये जहाज होतं. परत आले आणि त्यांनी कॅलेंडरावरच्या चित्रावरून पहिलं गलबत केलं. मग नाद लागला तो लागलाच. सागवानाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, ओल्या असतानाच वाकवून सांगाड्यावर टाचण्यांनी बसवायच्या आणि वाळल्या की सरस लावून टाचण्या उपटायच्या. दोरखंडासाठी सुती दोऱ्याला मेण चोळायचं. शिडीच्या पायऱ्या आगपेटीच्या काड्यांच्या, दिवे काचेच्या मण्यांचे. एकेका जहाजाला वर्ष लागायचं. गल्लीतले लोक थट्टा करायचे. मिस्त्री, हे सोडणार कुठं, रंकाळ्यात? आबा मान वर न करता म्हणायचे, सोडायला न्हाय, बघायला केलंय.

आईला यातलं काही आवडायचं नाही. भाकरीच्या पिठात भुसा सापडला की ती परात आपटायची. दिनूला मात्र फार आवडायचं, पण वेगळ्या तऱ्हेनं. आबा शिडाची काठी तासत बसले की हा विचारायचा, हे जहाज जातं कुठं? त्यात माणसं किती? ती जेवतात काय? आबांना त्याचं उत्तर देता यायचं नाही. त्यांना जहाज हवं होतं, दिनूला त्यातून जायला हवं होतं. हे आम्हाला कुणाला तेव्हा कळलं नाही.

माझ्यापेक्षा तो चार वर्षांनी लहान. मॅट्रिक झाल्यावर आबांनी त्याला आपल्याबरोबर कामाला नेलं. हात चांगला होता त्याचा. दोन वर्षं पटाशी धरली आणि एके दिवशी मित्राच्या मामाच्या ओळखीनं मुंबईला जाऊन जहाजावरच्या नोकरीचे कागद करून आला. एका जुन्या मालवाहू जहाजावर, इंजिनाला तेल घालायचं काम. निघायच्या दिवशी तो पाया पडायला वाकला तेव्हा आबा रंधा मारत होते. त्यांनी रंधा थांबवला नाही. "जातोयस तर जा," ते म्हणाले. "पर अर्ध्यावर टाकून परत येऊ नकोस. एक काम टाकलंस अर्ध्यावर, तेवढं बास झालं."

दिनू पाया पडून निघून गेला. आई स्टँडपर्यंत गेली, मी गेले. आबा आले नाहीत.

मी तेव्हा एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आईला वाचता यायचं नाही म्हणून दिनूची पत्रं मी वाचून दाखवायची. तो आईला फार सुंदर लिहायचा. जहाजावर वरच्या मजल्यावर मला खोली आहे. तिला गोल खिडकी आहे. सकाळी डोळा उघडला की खिडकीत सूर्य असतो. आई ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावायची. शेजारणी आल्या की त्यांच्यासमोर पुन्हा.

दुसरी पत्रं माझ्या शाळेच्या पत्त्यावर यायची. त्याबद्दल मी कुणाला बोलले नव्हते.

दिवाळीच्या पाडव्याला तार आली. जहाजाशी संपर्क तुटला आहे, शोध चालू आहे. अरबी समुद्रात वादळ झालं होतं. इतकंच. अंगणात रांगोळी होती, घरात फराळाचे डबे उघडे होते. आबांनी तार घडी करून खिशात ठेवली आणि तसेच पायात वहाणा घालून पोस्टात गेले. आठवडाभरानं मुंबईलाही जाऊन आले. कंपनीच्या ऑफिसात त्यांना बाकावर बसवून ठेवलं, चहा दिला आणि थांबा म्हणून सांगितलं. परत आले ते थांबायच्या तयारीनंच.

त्या दिवसांत बाहेर ऊसतोड जोरात सुरू होती. गाड्यांच्या रांगा, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, हवेत गोड धूर. मी शाळेत जायची, पाढे म्हणून घ्यायची, घरी यायची. लोक येऊन बसत आणि काय बोलावं ते न सुचून ऊस कसा आहे ते बोलत. आई रडत नव्हती. दिनूच्या पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसायची. एका संध्याकाळी तिनं आबांना विचारलं.

"त्याची खोली नेमकी कुठं असंल?"

आबांना कळलं नाही.

"जहाजात वो. दार कुठल्या बाजूला? पाणी आत आलं असंल तर त्याला भाईर पडाय वाट कुठनं?"

 आबा उठले आणि दिनूनं पाठवलेला फोटो भिंतीवरून काढून आणला. कुठल्याशा बंदरात धक्क्यावरून काढलेला, पूर्ण जहाज आलेलं आणि वरच्या कठड्याला टेकून हात हलवणारा दिनू, तांदळाच्या दाण्याएवढा. आबांनी भिंग लावलं, पातळ फूटपट्टी लावली. दिनू पाच फूट सहा इंच, ते म्हणाले. त्याच्या मापानं जहाज काढू.

असं ते जहाज सुरू झालं. तीन फूट लांबीचं, त्यांनी केलेल्या सगळ्यांत मोठं. दोन-तीन वर्षं सावलीत वाळवलेला सागवान त्यांनी त्याच्यासाठी काढला. कामावरून आले की हातपाय धुऊन ओसरीतल्या बाकासमोर बसायचे. मी समोर बसून पत्रं वाचायची आणि ते माहिती टिपून घ्यायचे. शिड्या किती, धुराचं नळकांडं केवढं, मागं झेंडा कुठं. एखादं वाक्य मी ओलांडून गेले तर ते थांबवायचे. पुन्हा वाच. खिडकी गोल म्हणतोय न्हवं? किती मोठी ते न्हाय लिहिलं?

न्हाय, मी म्हणायची.

खिडकीसाठी त्यांनी पितळी नळीची चकती कापली आणि कानशीनं घासून बांगडीसारखी गोल केली. वरच्या मजल्याचं छत त्यांनी मुद्दाम सुटं ठेवलं, उचललं की आत खोली दिसायची. खाट, फळी, कपडे अडकवायचा खुंटा. आई, जिनं कधी एका जहाजाला हात लावला नव्हता, ती बाकाशेजारी येऊन बसायला लागली. दिनूच्या जुन्या शर्टाच्या तुकड्याची तिनं बोटाएवढी गादी शिवली, त्यात चिमूटभर कापूस भरला. मग तिनं विचारलं, दारातनं बोटीपर्यंत किती लांब? संकटात उतरायच्या बोटी वरच्याच मजल्यावर टांगलेल्या असतात, हे आबांना फोटोत दिसलं होतं. त्यांनी काटा-कंपास लावून मोजलं. अकरा पावलं, ते म्हणाले.

अकरा पावलं. आईनं ते धरून ठेवलं. भाकऱ्या थापताना, पाणी भरताना ती मध्येच थांबायची आणि घरात चालून बघायची, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. अकराच्या आत कुठलं माणूस बुडंल? शेजारणींना सांगायची, माझा दिनू बोटीत बसला असणार, कुठल्यातरी बेटावर उतरला असणार. कुणी तिला नाही म्हटलं नाही. माघ लागला तसे तिनं जोतिबाचे खेटे धरले. दर रविवारी अनवाणी डोंगर चढून यायची आणि पायांचे फोड घेऊन जहाजापाशी बसायची.

मला माहीत होतं की ती खोली तिथं नव्हती.

शाळेच्या पत्त्यावर आलेली तीन पत्रं माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली होती. पहिल्यात दिनूनं लिहिलं होतं, अक्का, आईला सांगू नकोस. आम्ही सहा जण तळाशी झोपतो, अगदी मागं, जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या वर. खिडकी नाही. रात्रभर पत्रा थरथरत असतो. दुसऱ्यात लिहिलं होतं की जहाज फार जुनं आहे, हात लावला की गंजाचे पापुद्रे निघतात, पाणी उपसायचा पंप दिवसरात्र चालू असतो. पुढच्या बंदरात उतरून परत येऊ का? आबा काय म्हणतील?

मी उत्तर लिहिलं. मधल्या सुट्टीत, वर्गातल्या टेबलावर, पाच मिनिटांत. करार पुरा करूनच ये. चारच महिने राहिले आहेत. अर्ध्यावर आलास तर आबा आयुष्यभर बोलून दाखवतील.

तिसरं पत्र त्याचं उत्तर होतं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, मी पहिल्याच आठवड्यात बोलायला हवं होतं. तेव्हाही रोज वाटायचं. पण पहिली दोन पत्रं बाहेर काढली की तिसरं निघणार होतं. आणि शिवाय ती गादी होती. आई ती दोन बोटांनी सारखी करायची, छत बसवायची, पुन्हा काढायची. तिच्या हातातून ते काढून घ्यायला मी कोण? असं मी स्वतःला समजवायची. आईसाठी गप्प बसलेय की स्वतःसाठी, याचा निवाडा मी तेव्हा केला नाही. नंतर खूप वेळा करून पाहिला. दर वेळी तो माझ्याविरुद्धच गेला.

आबांना जहाज करताना बघणं हीही एक शिक्षाच होती. इतकं सुंदर त्यांनी कधी काही केलं नव्हतं. कठड्याच्या दांड्या सुईएवढ्या, एकेक वेगळी घासलेली. डोळ्याला भिंग लावून ते तासन्‌तास वाकलेले असायचे आणि मधूनच, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, म्हणायचे, "अक्का, तेवढं परत वाच." आणि मी सूर्य खिडकीत असतो ते वाक्य पुन्हा वाचायची. माझा आवाज मलाच परका वाटायचा.

तिसऱ्या खेट्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, एक पाहुणा आला. पंचविशीचा, काटकुळा, डोक्याला टोपी, हातात पिशवी. इब्राहिम त्याचं नाव, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचा. आमच्याकरता आमसुलं आणि काजू घेऊन आला होता. दिनूबरोबर तोही इंजिनवरच कामाला होता. कावीळ झाली म्हणून शेवटच्या बंदरात त्याला उतरवून दवाखान्यात ठेवलं आणि जहाज पुढं गेलं. बरा होऊन घरी आल्याला महिना झाला होता. यायचं धाडस होत नव्हतं, असं तो म्हणाला. मी हाय आणि तो न्हाय, तुमच्या समोर कुठलं तोंड घेऊन येऊ?

आईनं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो जेवत असताना त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आबांनी त्याला ओसरीत नेलं आणि जहाजावरचं फडकं काढलं.

इब्राहिम जहाजाजवळ गेला आणि पटकन मागं सरला. मग जमिनीवर बसला.  आबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि काय काय चुकलंय ते सांगा म्हणाले. त्यानं सांगितलं. नळकांड्याला दोन पट्टे होते, एक नाही. नांगराची साखळी जाड होती. आबा लिहून घेत होते, त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी थोडं सुख दिसत होतं. तेवढ्यात आई पुढं झाली आणि तिनं वरचं छत उचललं.

"आणि ही त्याची खोली," ती म्हणाली. "हितनं अकरा पावलांवर बोट हाय."

 इब्राहिमनं गादीकडं बघितलं, आईच्या पायांच्या फोडांकडं बघितलं. हां काकी, असं काहीतरी पुटपुटला. पण आबांचं सगळं आयुष्य वरून गुळगुळीत दिसणाऱ्या लाकडातली गाठ ओळखण्यात गेलं होतं.

"पावणं," ते म्हणाले, "चुकलं असंल तर सांगा. चुकलेलं मी ठेवत न्हाय."

मग त्यानं सांगितलं. वरच्या खोल्या अधिकाऱ्यांच्या होत्या. आम्ही सहा जण खाली, मागं. दिनूची खाट माझ्या खाली, दाराशेजारी. वर यायला दोन उभ्या शिड्या, त्याही इंजिनाच्या खोलीतून.

आई उठून उभी राहिली. ती एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारची दारं उघडली. माझ्या पोरानं खोटं लिहिलं म्हणता? तुम्ही त्याला वळकत तरी हुता का? दुसऱ्याच कुणाच्या घरी जायचं ते हितं आलाय तुम्ही. इब्राहिम मान खाली घालून ऐकत होता. तो ऐंशी-नव्वद मैल एसटीनं आला होता, एका मेलेल्या मित्राच्या आईला भेटायला, आणि त्याला खोटारडा ठरवून घराबाहेर काढलं जात होतं. आणि त्याच्या खरेपणाचा पुरावा माझ्या ट्रंकेत होता.

मी आत गेले आणि तिन्ही पत्रं आणली.

पहिलं मी मोठ्यानं वाचलं. आई खाली बसली. दुसरं अर्धं वाचलं आणि परत येऊ का ही ओळ आली तिथं थांबले. आबांनी माझ्या हातातून तिन्ही पत्रं काढून घेतली. चष्मा लावून उरलेलं मनात वाचलं. मग तिसरं उघडलं. ते फार लहान होतं. चारच ओळी होत्या आणि शेवटची ओळ मला आजही त्याच्या अक्षरासकट दिसते. तू म्हणतेस तर थांबतो, अक्का.

आबांनी ते दोनदा वाचलं. आईनं विचारलं, ह्यात काय लिवलंय? पलीकडच्या गल्लीतल्या बैलगाडीची घुंगरं ऐकू येत होती.

"ह्यात काय न्हाय," आबा म्हणाले. "बरा हाय म्हणतोय."

ज्या माणसानं सुताभर चूक कधी सोडली नाही, तो माणूस माझ्यासाठी बायकोशी खोटं बोलला. पत्राची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

इब्राहिमला मी स्टँडवर पोचवायला गेले.  गाडीत चढताना एवढंच म्हणाला, काकींना एकदा आमच्याकडं घेऊन या.

परत आले तेव्हा आबा अंगणात बंबापाशी उभे होते. मला वाटलं जहाज फोडणार. पण बंब थंड होता. ते हळू आवाजात म्हणाले, "अर्ध्यावर येऊ नको, हे माझं बोलणं हुतं. तू निस्तं लिहून धाडलंस." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या आईला ह्यातलं कळू द्यायचं न्हाय. तिला आता तू एकटीच हायस." मी काहीतरी बोलायला गेले, पण ते आत निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक करवत घेऊन जहाजाचा मागचा भाग कापला. तीन महिन्यांचं काम, पण त्यांचा हात थांबला नाही. आत त्यांनी दोन दोन करून सहा खाटा बसवल्या, दोन उभ्या शिड्या केल्या. खिडकी नाही. कापलेला भाग दाराच्या फळीसारखा उघडझाप करता येईल असा बसवला. ते झाल्यावर आई आली. वरच्या खोलीतली गादी तिनं स्वतः उचलली आणि दाराशेजारच्या खालच्या खाटेवर ठेवली. मग पुन्हा तिला हात लावला नाही. आबा वरची गोल खिडकी काढायला लागले, तेव्हा मात्र तिनं त्यांचा हात धरला. ती राहू दे, म्हणाली. त्यानं माझ्यासाठी लिवली हुती.

खेटे तिनं पुरे केले, पण अकरा पावलं चालायची थांबली. खरं कळलं म्हणजे माणूस मोकळं होतं, असं लोक म्हणतात. आई मोकळी झाली नाही. ती फक्त गप्प झाली. मी कुणासाठी खरं बोलले? इब्राहिमसाठी, असं मला तेव्हा वाटलं होतं. घरात मात्र त्या खऱ्यानं एका बाईचं बेट तेवढं बुडवलं.

फाल्गुनात कंपनीचं पत्र आलं. शोध थांबवण्यात आला आहे. होळी तोंडावर होती, गुऱ्हाळं एकेक करून बंद होत होती. आबांनी पत्र वाचून दाखवलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला समुद्र बघायचाय.

आम्ही तिघं चैत्रात इब्राहिमच्या गावी गेलो. आंबा घाट उतरून, धुळीनं माखून. त्याच्या घरच्यांनी आमचं फार केलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेला. आबा वाळूच्या कडेलाच थांबले. आयुष्यभर जहाजं करणारा माणूस समुद्राकडं बघत होता आणि त्याचे हात नुसतेच लोंबत होते. आई पुढं गेली, पाण्यापर्यंत. मी तिच्यामागं. लाट तिच्या पायावरून आली आणि गेली. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मला वाटतं, तिच्या मनात आजवर रंकाळाच होता, जरा मोठा, पलीकडचा काठ दिसणारा.

"एवढं असतंय व्हय?" ती म्हणाली.

पुढची लाट आली आणि तिच्या लुगड्याचा काठ भिजवून गेली.

"मग न्हाय सापडायचा," ती म्हणाली आणि वाळूत बसली. दिनू गेल्यावर पहिल्यांदा ती त्या दिवशी रडली.

परतीच्या गाडीत आबांना पुढं जागा मिळाली, आम्ही दोघी दोन बाकं मागं. घाट चढताना गाडी संथ झाली. आई खिडकीबाहेर बघत होती. इंजिनाचा आवाज इतका होता की शेजारच्यालाच ऐकू जावं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी तिला सांगितलं. त्यानं विचारलं होतं येऊ का, आणि मी थांब म्हणून लिहिलं. सगळं सांगितलं, फक्त तिसऱ्या पत्राचं आणि आबांचं नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दोन वळणं गेली, तिसरं गेलं. मी तिच्या तोंडून काय ऐकायला मिळेल याची वाट बघत होते आणि जे येईल ते सोसायचं ठरवलं होतं. मग तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट धरला. दुखेल इतका घट्ट.

"आबांस्नी सांगू नकोस हे," ती म्हणाली. "अर्ध्यावर येऊ नको असं त्यांनीच त्याला बजावलं हुतं. कळलं तर सगळं आपल्या अंगावर घेतील. आदीच माणूस निम्मा झालाय."

पुढच्या बाकावर आबांचं पांढरं डोकं गाडीबरोबर हलत होतं.

बरं, मी म्हणाले.

त्यानंतर ती दोघं त्या घरात सोळा वर्षं राहिली, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत, एकमेकांना जपत. आईला दिलेला शब्द मी पाळला आणि आबांचं ऐकलं नव्हतं, हे त्यांना कधी कळू दिलं नाही.